रसायनशास्त्राची पदवी, कारखान्यातली नोकरी आणि मराठीत एम.ए.

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३३, रसायनशास्त्रात बी.एस्सी., लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोकरी, घरी शाळेत जाणारा मुलगा. वाचनाचा नाद लहानपणापासून, पण विषय म्हणून मराठी बारावीला सुटलं ते सुटलंच. आता मराठी साहित्यात एम.ए. करायचंय. प्रवेश मिळेल का, नोकरी सांभाळून जमेल का, पाया नसताना सुरुवात कुठून करू, आणि पुढे याचं काही होईल का? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘वहिनी म्हणतात, या वयात हे कशाला?’

मी कोकणात बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवते आहे, दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे संपर्कतासही घेत आले आहे. बँकेतले, एसटीतले, दवाखान्यातले, शेती करणारे असे अनेक जण आमच्या विषयाकडे उशिरा आणि आडवाटेने आलेले मी पाहिलेत. त्यांच्यापैकी जे टिकले आणि जे मध्येच थांबले, त्या दोघांच्या अनुभवावरून लिहिते.

आधी प्रवेशाचं, कारण तो भाग लवकर संपतो. बहुतेक विद्यापीठांत मराठीच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. काही ठिकाणी पदवीला तो विषय नसेल तर प्रवेश परीक्षा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा काढला, त्यातही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीच्या विषयापेक्षा वेगळ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची मोकळीक आहे. म्हणजे तुमची बी.एस्सी. ही अडचण नाही. वयाची अट नाही. (हे वाचणाऱ्यांत ज्यांची पदवीच राहून गेली असेल त्यांच्यासाठी: बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा देता येते, आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. वाट लांबची आहे, पण ती वाट चालून आलेले आमच्या वर्गात होते आणि चांगले होते.)

आता नियमित की दूरशिक्षण. नियमित एम.ए. म्हणजे दोन वर्षं, चार सत्रं, पंचाहत्तर टक्के हजेरी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणि संशोधन प्रकल्पही आलेत. शिफ्टची नोकरी करून हे होणार नाही. कुणी ‘हजेरीचं बघून घेऊ’ असं सांगितलं, तरी ती पळवाट घेऊ नका. वर्गात न बसता नियमितची पदवी घेणं म्हणजे दोन्हीकडचं नुकसान. तुमच्यासाठी दूरशिक्षणच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र आहे, ज्याला लोक अजून ‘आयडॉल’च म्हणतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचंही आहे. त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, एवढं प्रवेशाआधी तपासा. हल्ली प्रवेशासाठी ‘डेब आयडी’ (याच दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) आणि ‘एबीसी आयडी’ (‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) काढावे लागतात. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची एम.ए. नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांसाठी किंवा पीएच.डी.साठी ती चालते.

अभ्यासकेंद्र निवडताना फक्त घराजवळचं बघू नका. फोन करून विचारा: मराठीच्या संपर्क तासिका खरोखर होतात का, कोण घेतं, रविवारी असतात का. चिपळूणचं केंद्र तासिका घेत नसेल आणि रत्नागिरीचं घेत असेल, तर महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जाणं परवडेल. नुसती पुस्तकं पोस्टाने घेऊन परीक्षा देणाऱ्यांपैकी बरेच जण पास होतात, पण साहित्याचे विद्यार्थी होत नाहीत.

इथपर्यंतचं कुठलीही माहितीपुस्तिका सांगेल. माझं खरं सांगणं पुढे आहे.

बाहेरच्या शाखेतून येणारा माणूस साधारणपणे आधुनिक वाचनाच्या बळावर येतो. कादंबऱ्या वाचलेल्या असतात, कविता पाठ असतात, दिवाळी अंक वर्षानुवर्षं घरी येतात. तुमच्या पत्रातली यादीही तशीच आहे, आणि चांगली आहे. अशा विद्यार्थ्याला वाटतं, समीक्षेचे सिद्धान्त वगैरे अवघड जातील, बाकी सगळं ओळखीचंच. प्रत्यक्षात होतं वेगळंच. मध्ययुगीन मराठीची अभ्यासपत्रिका समोर येते, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरीतले उतारे येतात, आणि पहिल्याच सत्रात गाईड आणलं जातं. ओवीचा सोपा अर्थ गाईडात असतो. तो पाठ होतो, पेपर निघतो, आणि मूळ मजकुराशी भेट कधीच होत नाही. ज्यांनी मध्येच सोडलं त्यांच्यातले निम्म्याहून जास्त इथे सुटले, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून तुम्हाला माझा सल्ला उलटा आहे: जे येतं तिथून नको, जुन्या मराठीपासून सुरुवात करा. प्रवेश घेण्याच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांत एवढं एकच काम करा.

हे कसं करायचं ते एका ओवीवर दाखवते. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०. सहाव्या अध्यायातली ही ओवी महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

दर मराठी दिनाला ही ओवी फलकावर असते. आता अर्थ सांगू नका, फक्त काय काय लिहिलंय ते पाहा. ‘बोल’ नाही, ‘बोलु’ आहे. ‘अमृताला’ नाही, ‘अमृतातें’ आहे, म्हणजे द्वितीयेचा प्रत्यय ‘तें’. ‘रसिकें’ हे ‘अक्षरें’चं विशेषण, लिंगवचनाने त्याच्याशी जुळलेलं, रसिक आहेत ती अक्षरं, ऐकणारे नव्हेत. आणि क्रियापद? ‘मेळवीन’. ‘करीन’, ‘जाईन’ म्हणतो तसंच, प्रथम पुरुषी, भविष्यकाळी. म्हणजे ‘माझी मराठी अमृताला जिंकते’ एवढ्यावर ही ओवी थांबत नाही. तिच्यात एक कवी पुढे काय करणार ते सांगतो: मी अशी अक्षरं जुळवीन. फलकावर हे क्रियापद बहुधा कुणी वाचतच नाही. ‘जिंके’चा कर्ता कोण, ‘बोलु’ की ‘अक्षरें’, हा प्रश्न वर्गात टाकला की अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास वाया जात नाही.

आता पुढे वाचा. लोक इथे थांबतात, तुम्ही थांबू नका. एक ओवी सोडून ही येते:

ऐका रसाळपणाचिया लोभा ।
कीं श्रवणींचि होति जिभा ।
बोलें इंद्रियां लागे कळंभा ।
एकमेकां ॥

आणि लगेच:

सहजें शब्दु तरी विषो श्रवणाचा ।
परि रसना म्हणे हा रसु आमुचा ।

कळंभा म्हणजे कलह, भांडण. शब्द हा खरं तर कानाचा विषय, पण तो इतका रसाळ की कानांनाच जिभा फुटतात, आणि जीभ म्हणते हा रस आमचा. पुढच्या चरणात नाक म्हणतं हा सुगंध आहे, त्याच्या पुढच्या ओवीत डोळे हक्क सांगतात. इंद्रियांचं भांडण लागलंय. हे कळलं की ‘माझा मराठाचि’ ही ओवी वेगळी दिसते. भाषेच्या मोठेपणाचा उद्घोष म्हणून आपण जी वाचत होतो, ती ऐकणाऱ्याच्या शरीरात काय घडेल याविषयीची कवीची प्रतिज्ञा आहे.

आणि व्याकरण? ‘बोलु’ पाहिला, मग ‘शब्दु’ आला, मग ‘रसु’ आला. पुल्लिंगी नामाचा प्रथमेच्या एकवचनातला हा उकार एकदा डोळ्यात बसला की पानोपानी दिसू लागतो. ‘श्रवणीं’तली सप्तमी तर आपण रोज वापरतो: घरी, दारी. पाच-सहा अशा खुणा ओळखीच्या झाल्या की ज्ञानेश्वरीची भाषा परकी राहत नाही. यासाठी शिकवणी लागत नाही, वही लागते.

लीळाचरित्रासाठीही असंच करा. ते गद्य आहे, ज्ञानेश्वरीच्याही आधीचं. रिद्धपूरला म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ते सिद्ध केलं. छोट्या छोट्या लीळा आहेत, काही तर चार-पाच वाक्यांच्या, म्हणून नोकरी करणाऱ्याला फार सोयीचं. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली आवृत्ती मिळवा आणि रोज एक लीळा मोठ्याने वाचा. मोठ्याने का, तर त्यातली वाक्यं बोलण्याची आहेत. कानावर पडली की अर्थाची निम्मी वाट सरते.

कोश हाताशी ठेवा. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवर जुनी पुस्तकं मोफत आहेत. शिवाय तुमच्या गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४चं. २००५ आणि २०२१ या दोन्ही महापुरांचा फटका सोसून ते ग्रंथालय उभं आहे. त्याचं सभासदत्व आजच घ्या. ग्रंथपालांशी बोलून ठेवा; काय वाचताय ते त्यांना माहीत असलं की पुस्तक तुमच्यासाठी बाजूला राहतं.

आता तुमच्याकडे आधीच काय आहे, ते. तुम्ही लिहिलंय, ‘माझं सायन्सचं डोकं, साहित्याला उपयोग नाही.’ हे मला अजिबात मान्य नाही. लॅबमध्ये तुम्ही नोंदवही ठेवता: नमुना कुठला, बॅच कुठली, काय दिसलं, निष्कर्ष नंतर, वेगळ्या रकान्यात. आमचे बी.ए. मराठी करून आलेले विद्यार्थी नेमके इथे कमी पडतात. कविता समोर आली की पहिल्या ओळीतच ‘कवीने इथे मानवी दुःखाचे विदारक चित्रण केले आहे’ असं लिहून मोकळे होतात. काय दिसलं ते लिहीतच नाहीत. क्रियापदं कुठल्या काळातली आहेत, बोलणारा कोण, ओळ कुठे तुटली, कुठला शब्द दुसऱ्यांदा आला. तुम्ही वाचनाच्या वहीला दोन रकाने करा. डावीकडे पानावर जे आहे तेवढंच, उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते. डावा रकाना पाच ओळींचा झाल्याशिवाय उजव्यात पेन टेकवायचं नाही. ही सवय घेऊन तुम्ही वर्गात आलात तर पहिल्या सत्रातच तुमची उत्तरं वेगळी दिसतील.

भाषाविज्ञानाच्या पेपरला मराठीचे विद्यार्थी घाबरतात, विज्ञानाचे रमतात, हेही मी वारंवार पाहिलंय. ‘जग’ हा शब्द दोनदा म्हणून बघा: एकदा ‘साऱ्या जगात’ यातला, एकदा ‘जग आणि जगू दे’ यातला. लिहिताना अक्षर एक, उच्चार दोन. एक तालव्य, एक दंततालव्य. आणि त्या फरकाने अर्थ बदलतो, म्हणून मराठीत ते दोन वेगळे स्वनिम. ज्याला मोजायची, वर्गवारी करायची सवय आहे त्याला यात आनंद मिळतो. तुमच्या घरी संगमेश्वरी बोलली जाते असं तुम्ही सहज लिहून गेलात. ती सहज लिहायची गोष्ट नाही, ती तुमची शिदोरी आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्याचं संकेतस्थळ उघडून रत्नागिरी जिल्ह्यातली ध्वनिमुद्रणं ऐका. आपल्या आजीची वाक्यं अभ्यासाचा विषय होऊ शकतात हे तिथे दिसेल.

तसंच जाखडीचं, म्हणजे कोकणातल्या त्या गाण्यांवरच्या नाचाचं. तुमच्या वाडीत गणपतीत जाखडी होत असणार, शक्ती-तुऱ्याचे सामने होत असणार. शाहिरी काव्याच्या पेपरात कलगी-तुऱ्याची परंपरा शिकवतो तेव्हा शहरातल्या मुलांना ती पुस्तकातून समजावून सांगावी लागते. तुम्ही बुवांचे सवाल-जवाब रात्र रात्र ऐकलेत. नमन-खेळे पाहिलेत. हे वाङ्मय आहे, आणि तुम्ही त्याच्या प्रेक्षकांत बसून मोठ्या झालात. पाया नाही म्हणता, तो कुठला पाया?

विज्ञानाकडून ग्रंथांकडे येण्याची आपल्याकडे चांगली परंपराही आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची असंख्य हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. कुठला श्लोक कुठल्या प्रतींत आहे, कुठल्यांत नाही, यावरून मूळ किती आणि मागाहून घातलेलं किती, हे ठरवण्याचं ते काम. त्यात गणित्याची शिस्त पानोपानी दिसते. त्यांचे वडील धर्मानंद यांची वाट तर आणखी अवघड. गोव्यातल्या साखवळ गावी १८७६ मध्ये जन्म, शिक्षण गावच्या शाळेपुरतं, लग्न झालेलं, आणि बुद्धाविषयी वाचून ते इतके ओढले गेले की १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुण्याला संस्कृत, मग काशी, नेपाळ, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली. हाती एकही पदवी नसलेल्या या माणसाने कलकत्त्याला पाली शिकवली, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवली, हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनावर काम केलं. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले ते महाराष्ट्रात राहून लिहावं म्हणून. त्यांची कहाणी मी विद्यार्थ्यांना सांगते ती एका कारणासाठी: धर्मानंद सतत गुरू शोधत होते. एकट्याने पुस्तक उघडून बसणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. जिथे जाणकार होता तिथे ते चालत गेले.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची हीच खरी उणीव असते. विषय एकट्याने वाचला जातो, पण साहित्य हे वाचून झाल्यावर बोलायची गोष्ट आहे. माझं वाचन तुम्ही खोडायला हवं, तुमचं मी. म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिल्या महिन्यात दोन-तीन माणसं जमवा. केंद्रावर भेटलेली सहाध्यायी असेल, मुलाच्या शाळेतल्या मराठीच्या बाई असतील, वाचनालयात नियमित येणारे कुणी आजोबा असतील. महिन्यातून एकदा, एक कविता किंवा एक कथा, दोन तास. एवढं पुरतं. आसपासच्या महाविद्यालयात चर्चासत्र असलं तर रजा टाकून जा आणि शेवटच्या रांगेत न बसता पुढे बसा. मराठीच्या प्राध्यापकांना भेटून सांगा, मी बाहेरून शिकते आहे, अमुक तासाला बसू का? बहुतेक जण हो म्हणतात. आम्हाला असा विद्यार्थी आला की आनंद होतो, हे मी सगळ्यांच्या वतीने सांगू शकते.

समीक्षेच्या पेपराबद्दल थोडंच सांगते. रससूत्र, मर्ढेकरांचं लयतत्त्व, संरचनावाद, स्त्रीवादी समीक्षा, दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र, सगळं येईल. सिद्धान्त सुटा वाचू नका, त्याच्या शेजारी एक कविता ठेवा. संवाद, विरोध, समतोल हे मर्ढेकरांचे तीन शब्द पाठ करण्यात अर्थ नाही. त्यांच्याच एखाद्या कवितेत ते कुठे लागू पडतात आणि कुठे पडत नाहीत, हे शोधा. लागू पडत नाहीत असं दिसलं तर तसं लिहायला कचरू नका.

लिहिण्याचा सराव मात्र आतापासून हवा. तुमच्या पत्रात वाक्यं नेटकी आहेत, पण बारावीनंतर तुम्ही मराठीत सलग दोन पानं लिहिलेली नसणार. परीक्षेला तीन तास हाताने लिहायचं असतं. आठवड्याला एक पान लिहा, एका प्रश्नावर. उत्तरपत्रिका तपासताना सगळ्यांत जास्त दिसणारा दोष सांगते: प्रश्न असतो कादंबरीच्या निवेदनपद्धतीवर, आणि विद्यार्थी कथानक सांगत सुटतो. गोष्ट परीक्षकाला माहीत असते. ती कोण सांगतंय, त्याला किती माहीत आहे, तो काय लपवतो, कुठे थांबतो, हे हवं असतं. तुम्ही वाचलेल्या एखाद्या कादंबरीवर, कथानक एकदाही न सांगता, एक पान लिहून बघा. पहिल्यांदा घाम फुटतो, चौथ्या-पाचव्या पानापासून मजा येते.

वेळेचं म्हणाल तर रोज एक तास, ठरावीक. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो त्याच टेबलावर. सुट्टीच्या दिवशी सहा तास ओढून बसण्याचा बेत करू नका, तो टिकत नाही. घरात पाहुणे येतात, सण येतात, आणि सगळा भार तुमच्यावर येतो. घरच्यांना आधीच सांगा, परीक्षेच्या पंधरवड्यात स्वयंपाकघर माझ्याकडे नाही. हे आधी ठरलं नाही तर ऐनवेळी अभ्यासच मागे पडतो. बायकांच्या बाबतीत हे मी इतक्या वेळा पाहिलंय की संकोच सोडून लिहिते.

आता ‘पुढे काय’. इथे गोड बोलणार नाही. सहायक प्राध्यापक व्हायला त्या विषयात ५५ टक्क्यांची एम.ए. (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट लागते. पदवी बी.एस्सी. असली तरी चालतं. पण कायम जागा फार थोड्या निघतात, आणि अनेक चांगले नेट-सेट झालेले लोक वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, सीएचबीवर शिकवताहेत. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.बरोबर बी.एड. लागतं. तेव्हा प्राध्यापकीच्या भरवशावर आत्ताची नोकरी सोडू नका. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यामुळे उद्या नोकऱ्या निघतील असं सांगणं तुमच्याशी बरोबर होणार नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा, कारण ती वयाशी बांधलेली आहे. नेटमधून मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपला वयोमर्यादा ३० आहे आणि स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. नेट-सेटने प्राध्यापक होण्याला वयाची मर्यादा नाही, फेलोशिपला आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाही नेट देता येते. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या जूनमध्ये प्रवेश घेतलात तर दुसऱ्या वर्षाला असताना तुम्हाला ती संधी आहे, त्यानंतर नाही. फेलोशिप महिना ३७ हजारांची आहे, पण ती घेतली तर पूर्णवेळ संशोधन करावं लागतं. तो निर्णय तेव्हा घ्या. दार मात्र उघडं ठेवा. फेलोशिपशिवायही पीएच.डी. करता येते, नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. त्यासाठी कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही, तशी जाहिरात दिसली तर तिकडे वळू नका.

वहिनींनी विचारलेलं ‘कशाला’ हे मी हलक्यात घेत नाही. घरात एक माणूस शिकायला लागलं की कामाची वाटणी बदलते, ती त्यांच्यावरही येणार आहे. त्यांना वादात हरवू नका. एखाद्या रात्री वर दिलेल्या त्या तीन ओव्या त्यांना वाचून दाखवा, इंद्रियांचं भांडण सांगा, आणि त्या काय म्हणतात ते वहीच्या डाव्या रकान्यात लिहून ठेवा. कीर्तनं ऐकून वाढलेल्या बायका असं काही बोलून जातात की माझ्या वर्गातल्या कुणालाही ते सुचलेलं नसतं.

शेवटी प्रकल्पाचं. संशोधन प्रकल्पाचा विषय शेवटच्या सत्रात घाईने ठरवला जातो, आणि मग तेच ते, ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’. तुम्ही आतापासून दोन वह्या वेगळ्या ठेवा. एकीत गणपतीत ऐकलेली जाखडीची गाणी: कुठली वाडी, कुठले बुवा, कुठला चरण, विचारून आणि परवानगी घेऊन. दुसरीत कारखान्यातलं बोलणं: बिहारी हेल्पर, घाटावरचा सुपरवायझर आणि संगमेश्वरी बोलणाऱ्या तुम्ही एकमेकांशी कुठल्या मराठीत बोलता, कुठला शब्द कुणाकडून कुणाकडे गेला. लोट्याला शेतांच्या जागी कारखाने आल्यावर तिथली भाषा कशी बदलली, हे ऐकायला विद्यापीठातून कुणी येईल तेव्हा येईल. तुम्ही रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते ऐकत असता. तारीख टाकून लिहायला लागा.